आजोबांच्या कुऱ्हाडीचे कर्ज

मुलगा बारावीला गेला की आपल्या घराघरांतून एक खलबत सुरू होते. डॉक्टर की इंजिनिअर, सरकारी नोकरी की परदेश. काका, मामा, शेजारचे जोशी, सगळे त्यात भाग घेतात; मुलगा तेवढा गप्प असतो. आपल्या मुलाने वनखात्यात जावे असे म्हणणारा बाप मला बँकेच्या सबंध नोकरीत एकच भेटला, आणि तो स्वतः फॉरेस्ट गार्ड होता.

म्हणूनच १८८५ च्या उन्हाळ्यातली ती गोष्ट मला नवलाची वाटते. न्यूयॉर्कचा एक धनाढ्य निवृत्त व्यापारी आपल्या मुलाला येल विद्यापीठात पाठवण्याच्या तयारीत होता. मुलगा उंच, शिडशिडीत, विसाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर. बापाने सहज विचारावे तसे त्याला विचारले, की तू वनाधिकारी झालास तर कसे होईल? सहज कसले, बापाच्या मनात ते बरेच दिवस घोळत असावे. अमेरिकेत तेव्हा असा व्यवसायच नव्हता. तो शिकवणारी शाळा नव्हती. कृषी खात्यात जंगलांसाठी एक छोटीशी शाखा होती, पण तिच्या ताब्यात एक एकरही जंगल नव्हते. आपला मुलगा असे काही व्हावे की ज्याला देशात अजून नावही पडलेले नाही, अशी इच्छा धरणारा हा बाप म्हणजे जेम्स पिंशो, आणि मुलगा गिफर्ड. पुढे पंचवीस वर्षांत याच मुलाच्या देखरेखीखाली सतरा कोटी एकर सरकारी जंगल आले.

बापाच्या त्या इच्छेच्या तळाशी एक जुने खाते होते. गिफर्डचे आजोबा सिरिल हे मूळचे फ्रान्सचे. नेपोलियनचा पराभव झाल्यावर त्याच्या बाजूने असलेल्या अनेक कुटुंबांना देश सोडावा लागला, त्यांत पिंशो होते. पेनसिल्व्हेनियातल्या मिलफर्ड या गावी त्यांनी दुकान थाटले आणि नफा झाला तसतशा जंगलजमिनी घेतल्या. जमीन घ्यायची, झाडे तोडायची, ओंडक्यांचे तराफे करून डेलावेअर नदीतून खाली बाजारात सोडायचे आणि मग उघडी पडलेली टेकडी तशीच टाकून पुढची जमीन घ्यायची. तेव्हा सगळेच असे करीत. मिशिगन, विस्कॉन्सिनचे पाईनचे अफाट पट्टे एका पिढीत असेच संपले. सरकारी जमीन शेतकऱ्यांना, रेल्वे कंपन्यांना, लाकूडवाल्यांना वाटून टाकणे हेच सरकारचे जमीनविषयक धोरण होते. राखून ठेवणे कोणाच्या डोक्यात नव्हते.

जेम्स पिंशोने न्यूयॉर्कला जाऊन भिंतींना लावायच्या कागदाचा व्यापार केला आणि चाळिशीतच पुरे म्हणून थांबला. त्याला चित्रांचा नाद होता. सॅनफर्ड गिफर्ड नावाचा निसर्गचित्रकार त्याचा मित्र. मुलाचे नाव त्याच्यावरूनच ठेवलेले. चित्रांतली हिरवी दरी दिवाणखान्यात लावायची आणि खिडकीतून बापाने बोडकी केलेली टेकडी बघायची, हे त्याला सोसले नसावे. १८८६ मध्ये मिलफर्डला त्याने ‘ग्रे टॉवर्स’ नावाचा दगडी वाडा बांधला तेव्हा भोवतालचा उतार जवळजवळ उघडा होता. आजोबांनी उचललेले कर्ज नातवाने फेडावे, असा हा हिशोब. आपल्याकडे पितृऋण म्हणतात त्याचा हा अमेरिकन अवतार म्हणायला हरकत नाही.

येलची पदवी घेऊन १८८९ मध्ये गिफर्ड युरोपात गेला. जंगल कसे राखायचे हे कोणाला विचारावे याचीही त्याला नीट कल्पना नव्हती. आणि इथे आपला त्याच्याशी संबंध येतो. जर्मनीत बॉन शहरी एक निवृत्त वृद्ध वनशास्त्रज्ञ राहत होते, डीट्रिश ब्रँडिस. हिंदुस्थान सरकारचे पहिले इन्स्पेक्टर जनरल ऑफ फॉरेस्ट्स. ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवानापासून त्यांनी १८५६ मध्ये सुरुवात केली आणि १८६४ पासून १८८३ पर्यंत सबंध ब्रिटिश हिंदुस्थानचे वनखाते उभे केले. डेहराडूनची वनशाळा त्यांच्याच काळातली. या माणसाने त्या अमेरिकन पोराला हाताशी धरले. फ्रान्समध्ये नान्सीच्या वनविद्यालयात जा, स्वित्झर्लंडची जंगले पाहा, असा मार्ग आखून दिला, आणि तो परत गेल्यावरही वर्षानुवर्षे पत्रांतून त्याला शिकवत राहिले.

नान्सीत आणि झ्युरिकजवळच्या सिलवाल्ड या शहराच्या मालकीच्या जंगलात पिंशो काय शिकला ते एका बँकवाल्याला समजावून सांगणे सोपे आहे. जंगल म्हणजे मुदत ठेव. उभी झाडे हे मुद्दल. दरवर्षी झाडे उंचीने आणि घेराने जेवढी वाढतात तेवढे त्यावरचे व्याज. ही वाढ मोजायची, तिच्याइतकेच लाकूड दरसाल काढायचे आणि जिथे काढले तिथे नवी रोपे वर येतील अशी सोय करायची. मग शंभर वर्षांनी मुद्दल जागेवरच. सिलवाल्डमधून झ्युरिककर कित्येक शतके लाकूड नेत होते आणि जंगल होते तिथेच होते. पिंशोच्या आजोबांनी मुद्दलच मोडून खाल्ले होते. चूक कुऱ्हाडीची नव्हती, हिशोबाची होती. ही गोष्ट त्याच्या मनावर कोरली गेली. तिचे बळ आणि तिची मर्यादा दोन्ही त्याच्या आयुष्यभर पुरली.

ब्रँडिस म्हणत होते आणखी शिकून घे. पण पंचविशीतल्या मुलाला धीर कुठला? तेरा महिन्यांत तो परतला. १८९२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनात जॉर्ज व्हँडरबिल्टच्या ‘बिल्टमोर’ या राजेशाही इस्टेटीवरचे जंगल त्याच्या हाती आले. तिथली जमीनही आधीच्या मालकांनी ओरबाडलेली. पहिल्या वर्षाचा ताळेबंद त्याने छापून शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात वाटला, त्यात थोडासा नफा दाखवला होता. मी तो ताळेबंद ऑडिटरच्या नजरेने पाहिला तर म्हणेन की इस्टेटीने स्वतः वापरलेले आणि वखारीत पडून असलेले लाकूड जमेस धरल्यावरच ती बेरीज जमते. पण त्याला मुद्दा पटवायचा होता: जंगल राखणे हा श्रीमंतांचा शौक नाही, तो व्यवहार आहे.

याच सुमारास त्याच्या आयुष्यात लॉरा आली. शिकागोच्या एका सधन घराण्यातली मुलगी, क्षयाने आजारी, हवापालटासाठी बिल्टमोरच्या परिसरात आलेली. दोघांचे ठरले. १८९४ च्या फेब्रुवारीत ती गेली. त्यानंतर या घोडा फेकणाऱ्या, मासे मारणाऱ्या, रोखठोक हिशोबी माणसाने जवळजवळ वीस वर्षे आपल्या डायरीत रोज एक नोंद ठेवली: आज लॉरा जवळ असल्याचे स्पष्ट जाणवले, की आज दिवस धुरकट गेला. मनाने तो स्वतःला तिचा नवराच समजत होता. बाहेर कोणाला पत्ता नव्हता. चरित्रकारांना डायऱ्या उघडल्यावर हे सापडले आणि ते गोंधळले. मला त्यात गोंधळण्यासारखे काही वाटत नाही. ज्याला रोजची नोंद ठेवायची सवय असते तो दुःखाचीही नोंद ठेवतो.

१८९६ मध्ये पश्चिमेकडच्या जंगलांची पाहणी करण्यासाठी नॅशनल अॅकॅडमी ऑफ सायन्सेसने एक समिती नेमली. पिंशो तिचा सर्वांत तरुण सदस्य. सोबत पाहुणे म्हणून जॉन म्यूर होते, डोंगर आणि देवदारांचा वेडा दाढीवाला स्कॉटिश म्हातारा, ज्याच्या लेखांनी सुशिक्षित अमेरिकेला रानाची ओढ लावली होती. ग्रँड कॅन्यनच्या काठावर बाकीची मंडळी हॉटेलात झोपली आणि हे दोघे बाहेर झाडाखाली शेकोटी पेटवून मध्यरात्रीपर्यंत बोलत बसले. वाटेत एक मोठा विषारी कोळी दिसला तेव्हा म्यूरने पिंशोला तो मारू दिला नाही. त्या जागेवर आपल्याइतकाच त्याचाही हक्क आहे असे त्याचे म्हणणे. सकाळी दोघे शाळा बुडवलेल्या पोरांसारखे गुपचूप परतले. ही आठवण पिंशोने म्हातारपणी प्रेमाने लिहून ठेवली, त्या मैत्रीचे पुढे जे झाले ते झाल्यावरही.

१ जुलै १८९८ ला तो कृषी खात्यातल्या त्या छोट्या शाखेचा प्रमुख झाला. पण राखीव जंगले होती अंतर्गत कारभार खात्याकडे, म्हणजे अधिकारी एका खात्यात आणि जंगल दुसऱ्या खात्यात. सरकारी नोकरी केलेल्या वाचकांना याचे आश्चर्य वाटू नये. जंगले आपल्याकडे आणायला त्याला सात वर्षे लागली. तोवर तो हातावर हात ठेवून बसला नाही. पिंशो कुटुंबाने दिलेल्या दीड लाख डॉलरमधून १९०० मध्ये येलला वनविद्यालय निघाले; मिलफर्डच्या त्याच उघड्या उतारांवर विद्यार्थ्यांची उन्हाळी शिबिरे भरू लागली. वनाधिकाऱ्यांची संस्था त्याच्या पुढाकाराने स्थापन झाली, आणि तिच्या बैठकींना भाजलेली सफरचंदे आणि आल्याचा केक इतका ठरलेला असे की लोक तिला सफरचंदांचा क्लब म्हणत.

मग १९०१ मध्ये थिओडोर रूझवेल्ट राष्ट्राध्यक्ष झाले. दोघांची दोस्ती आधीची. रूझवेल्ट न्यूयॉर्कचे गव्हर्नर असताना पिंशो त्यांना भेटायला गेला, तेव्हा दोघांनी कुस्ती आणि मुष्टियुद्ध खेळले आणि पिंशोने गव्हर्नरसाहेबांना चक्क खाली पाडले. साहेबाला पाडून साहेबाची मर्जी मिळवणारा नोकर विरळा! १ फेब्रुवारी १९०५ ला राखीव जंगले कृषी खात्याकडे आली आणि फॉरेस्ट सर्व्हिसचा जन्म झाला. त्याच दिवशी कृषिमंत्र्यांनी नव्या वनप्रमुखाला धोरणपत्र पाठवले. जंगले कोणासाठी राखायची, कशी वापरायची, आणि भांडण झाले तर निकाल दूरच्या भविष्याचा विचार करून जास्तीत जास्त लोकांच्या हिताचा कसा लावायचा, हे सगळे त्यात आहे. आजही ते पत्र अमेरिकेच्या वनखात्याचा पाया मानले जाते. गंमत अशी की मंत्र्यांचे हे पत्र लिहिले होते पिंशोनेच. मंत्र्यांनी सही केली आणि ते त्यालाच पाठवले. साहेबाच्या सहीसाठी मसुदे लिहिण्यात मी स्वतः उमेदीची वर्षे घालवली आहेत; पण स्वतःलाच उद्देशून पत्र लिहून त्यावर साहेबाची सही घेण्याची हिंमत मला झाली नाही.

त्याने खाते उभारले ते पाहण्यासारखे. नियमांचे पुस्तक खिशात मावेल एवढे. रेंजरच्या परीक्षेत कागदी प्रश्नांबरोबर घोड्यावर सामान बांधणे, स्वयंपाक, नेमबाजी, जमीन मोजणे. राजकारण्यांच्या चिठ्ठीवर भरती बंद. गुराख्यांशी बोलायला त्याने अॅरिझोनातला एक गुराखीच, अल्बर्ट पॉटर, अधिकारी म्हणून घेतला. १९०६ पासून सरकारी जंगलात गुरे-मेंढ्या चारायला फी बसली, तेव्हा पश्चिमेत केवढा गहजब झाला! पिढ्यान्‌पिढ्या फुकट चराई. कोलोरॅडोच्या फ्रेड लाइट नावाच्या गुरेवाल्याने परवाना घ्यायचे नाकारले. खटला सुप्रीम कोर्टात गेला आणि १९११ मध्ये सरकार जिंकले. जंगलाच्या उत्पन्नातला वाटा, १९०८ पासून चौथा हिस्सा, स्थानिक शाळांना आणि रस्त्यांना द्यायचा कायदाही त्याच काळातला. त्यामुळे विरोध थोडा मवाळ झाला, संपला मात्र नाही.

१९०७ च्या फेब्रुवारीत सिनेटने डाव टाकला. ऑरेगॉनच्या फुल्टन नावाच्या सिनेटरने कृषी खात्याच्या अंदाजपत्रकालाच एक कलम चिकटवले: पश्चिमेच्या सहा राज्यांत यापुढे काँग्रेसच्या परवानगीशिवाय नवे राखीव जंगल नाही. अंदाजपत्रक नाकारले तर खात्याचे पगार बंद. राष्ट्राध्यक्षांच्या सहीला ४ मार्चपर्यंत मुदत होती. पिंशोच्या कचेरीत तेव्हा दिवे मालवलेच नाहीत. नकाशे पसरले गेले, कारकून रात्रंदिवस हद्दी लिहीत राहिले, आणि सहीची मुदत संपण्याआधी एक कोटी साठ लाख एकर नवे राखीव जंगल त्याच सहा राज्यांत जाहीर झाले. मग रूझवेल्टनी अंदाजपत्रकावर मुकाट्याने सही केली. कायद्याच्या अक्षराला धक्का नाही. विरोधकांनी या जंगलांना मध्यरात्रीची जंगले असे नाव ठेवले. १९०५ मध्ये सुमारे सहा कोटी एकर असलेले क्षेत्र १९१० पर्यंत सतरा कोटींवर गेले.

त्याच वर्षी त्याला एक शब्द सापडला. वॉशिंग्टनच्या रॉक क्रीक पार्कमध्ये घोड्यावरून जात असताना त्याच्या मनात आले, की जंगल, पाणी, माती, कोळसा, चराई हे वेगळे प्रश्न नाहीतच, तो एकच प्रश्न आहे. पण या एका प्रश्नाला नाव काय? त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी विचार केला तेव्हा त्यांना हिंदुस्थान आठवला. ब्रँडिसांच्या खात्यात जंगलाच्या विभागाला कन्झर्व्हन्सी म्हणत आणि त्याच्या अधिकाऱ्याला कन्झर्व्हेटर. त्यावरून कन्झर्व्हेशन हा शब्द त्यांनी उचलला आणि १९०८ च्या मे महिन्यात व्हाइट हाऊसमध्ये भरलेल्या गव्हर्नरांच्या परिषदेतून तो घरोघर गेला. आज जगभरच्या शाळांतली मुले ज्या शब्दावर निबंध लिहितात तो असा आपल्या सागवानाच्या सावलीतून गेलेला आहे.

हे वाचून मला आधी अभिमान वाटला आणि मग जरा अस्वस्थ वाटले. मी चंद्रपूर भागात शाखेवर होतो तेव्हा बल्लारशाच्या लाकूड डेपोतल्या लिलावासाठी ठेकेदारांना बँक गॅरंटी देणे हे आमचे नेहमीचे काम होते. कन्झर्व्हेटर हा शब्द तिथल्या आदिवासी बाईच्या तोंडून ऐकला की त्यात रक्षण करणारा असा अर्थ अजिबात लागत नसे. मोळी जप्त करणाऱ्याचा साहेब, एवढाच अर्थ. १८७८ च्या वन कायद्याने गावांची चराईची, सरपणाची, राबासाठी टहाळ तोडायची जुनी वहिवाट सरकारच्या मर्जीवर टाकली. स्वतः ब्रँडिस गावकऱ्यांचे हक्क थोडे अधिक मानावेत या मताचे होते, पण कडक बाजू जिंकली. जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये या फॉरेस्ट खात्याने शेतकऱ्याची कशी कोंडी केली ते तेव्हाच मांडले. २५ सप्टेंबर १९३० ला चिरनेरला जंगल सत्याग्रह्यांवर गोळीबार झाला. रायगड जिल्ह्यातल्या वाचकांना ते सांगायला नको.

मग तीच पद्धत पिंशोने नेली तेव्हा तिथे काय झाले? माझ्या मते फरक मताच्या पेटीचा होता. कोलोरॅडोच्या गुरेवाल्याला मत होते, सिनेटर होता, सुप्रीम कोर्टापर्यंत जायला वकील होता. म्हणून पिंशोला गावोगावच्या सभांत जाऊन शिव्या खाव्या लागल्या, पॉटरसारखा माणूस घ्यावा लागला, लहान शेतकऱ्याला मोठ्या कंपनीच्या आधी चराई द्यावी लागली. आणि ते त्याने मनापासून केले. मोठ्या मक्तेदारांचा त्याला खराच तिटकारा होता. पण त्याच जंगलांत शतकानुशतके राहणाऱ्या मूळ रहिवाशांना मत नव्हते. त्या सर्वांना नागरिकत्व देणारा कायदा १९२४ मध्ये झाला. त्यांच्या शिकारीच्या, कंदमुळांच्या, वणवा लावून रान मोकळे ठेवण्याच्या वहिवाटीची पिंशोच्या हिशोबात नोंद नाही. जास्तीत जास्त लोकांचे हित म्हणताना लोक कोण, हे ठरवणारा तोच होता. तो युजेनिक्सच्या, म्हणजे निवडक माणसांची पैदास वाढवावी म्हणणाऱ्या त्या वेळच्या प्रतिष्ठित चळवळीच्या परिषदांनाही हजर राहिला. पुढच्या पिढ्यांसाठी जंगल राखायचे म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पुढच्या पिढ्यांचा चेहरा कसला होता, हा प्रश्न त्याच्या चाहत्यांनीही आता टाळू नये.

१९०९ मध्ये रूझवेल्ट गेले, टाफ्ट आले. अंतर्गत कारभार खात्याचे मंत्री झाले रिचर्ड बॅलिंजर. अलास्कातल्या कोळशाच्या जमिनी एका बड्या गटाच्या घशात जात आहेत आणि बॅलिंजर तिकडे डोळेझाक करीत आहेत, अशी तक्रार ग्लेव्हिस नावाच्या तरुण अधिकाऱ्याने केली. टाफ्टनी ग्लेव्हिसलाच काढले. पिंशो खवळला. हाताखालच्यांनी काँग्रेसला परस्पर पत्रे लिहू नयेत असा हुकूम असताना त्याने एका सिनेटरला पत्र दिले आणि ते सिनेटमध्ये वाचून दाखवले गेले. असे पत्र लिहिल्यावर काय होते ते त्याला ठाऊक होते. ७ जानेवारी १९१० ला बडतर्फीचा हुकूम आला. घरी आईला सांगितले तेव्हा ती आनंदाने हात उंचावून ओरडली. बडतर्फीची बातमी अशी साजरी करणारे घर मी तरी पाहिलेले नाही. अर्थात त्या घरात महिनाअखेरची चिंताही नव्हती. बॅलिंजर पुढच्या वर्षी राजीनामा देऊन गेले, पण ते भ्रष्ट होते असे काही सिद्ध झाले नाही. १९४० मध्ये त्याच खात्याच्या तेव्हाच्या मंत्र्यांनी जुनी कागदपत्रे तपासून त्यांना निर्दोष ठरवले. आपण बरोबर आहोत याची पिंशोला नेहमीच जरा जास्त खात्री असे.

त्याला काढल्यानंतर सात महिन्यांनी, २० आणि २१ ऑगस्टला, आयडाहो आणि मोंटानात वणवा पेटला. दोन दिवसांत सुमारे तीस लाख एकर जंगल गेले आणि आग विझवणारे ७८ जण मेले. पुलास्की नावाच्या रेंजरने आपली माणसे एका जुन्या खाणीच्या बोगद्यात कोंबून वाचवली. फॉरेस्ट सर्व्हिस बंद करायला निघालेल्यांची तोंडे या मृत्यूंनी बंद झाली, खात्याला पैसा मिळाला आणि १९११ मध्ये पूर्वेकडची उजाड जंगले विकत घेण्याचा कायदाही झाला. पण धडा चुकीचा घेतला गेला. आग ही चोर आहे, ती कुठेही दिसली की विझवायचीच, हे खात्याचे ब्रीद झाले. काही रानांना लहान लहान आगी लागतात म्हणूनच ती मोठ्या आगीपासून वाचतात, हे मूळ रहिवाशांना ठाऊक होते. खात्याला ते कळायला साठेक वर्षे लागली, आणि तोवर साठलेल्या पालापाचोळ्याचे व्याज अमेरिकेचा पश्चिम भाग आजही भरतो आहे.

म्यूरशी मैत्री तुटली ती पाण्यावरून. सिअॅटलच्या हॉटेलात मेंढ्यांच्या चराईवरून दोघांचे चारचौघांत भांडण झाले अशी एक कथा फार सांगितली जाते; अलीकडच्या संशोधकांना ती खरी वाटत नाही. खरा तुकडा पडला हेच हेचीवर. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत सॅन फ्रान्सिस्को जळाले, शहराला पाणी हवे होते आणि योसेमिटी राष्ट्रीय उद्यानातल्या हेच हेची नावाच्या दरीत धरण बांधायचे ठरत होते. म्यूरसाठी ते देवळात तलाव बांधण्यासारखे. पिंशोने वही उघडली: एका बाजूला लाखो माणसांची तहान, दुसऱ्या बाजूला काही थोड्यांना लाभणारे सौंदर्य. १९१३ मध्ये त्याने काँग्रेसच्या समितीपुढे धरणाच्या बाजूने साक्ष दिली आणि डिसेंबरात कायदा झाला. पुढच्या वर्षी नाताळच्या आदल्या दिवशी म्यूर वारला. पिंशोची बेरीज चूक होती असे मला म्हणवत नाही. कोयनेच्या विजेवर आणि पानशेतच्या पाण्यावर जगणाऱ्या माणसाने तसे म्हणूही नये. पण सौंदर्याला त्या वहीत रकानाच नव्हता, आणि ज्याला रकाना नाही त्याची बेरीज शून्यच येते.

पुढचे आयुष्य राजकारणात गेले. १९१४ च्या ऑगस्टमध्ये, एकोणपन्नासाव्या वर्षी, त्याने कॉर्नेलिया ब्राइसशी लग्न केले. स्त्रियांच्या मताधिकारासाठी लढणारी ही लाल केसांची, तडफदार बाई. तिच्याबरोबर डायरीतल्या लॉराच्या नोंदी संपल्या. पुढच्या वर्षी मुलगा झाला. सिनेटची निवडणूक तो हरला, पण पेनसिल्व्हेनियाचा गव्हर्नर दोनदा झाला, आणि मंदीच्या काळात त्याने वीस हजार मैल खेड्यांतले रस्ते पक्के केले, शेतकऱ्याला चिखलातून काढायचे म्हणून. त्या भागात त्यांना अजून पिंशोचे रस्ते म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात, सत्तरी ओलांडलेली, तरी हा गृहस्थ जीवरक्षक नौकांसाठी मासेमारीचा एक छोटा संच तयार करण्यात गुंतला होता. बुडालेल्या जहाजावरच्या खलाशांना मासे पकडून त्यांच्या अंगातले पाणी पिऊन तगता यावे म्हणून. ४ ऑक्टोबर १९४६ ला तो वारला. आत्मचरित्र दुसऱ्या वर्षी निघाले.

ग्रे टॉवर्स त्याच्या मुलाने सरकारला दिला आणि सप्टेंबर १९६३ मध्ये केनेडींनी, मृत्यूच्या दोन महिने आधी, तिथे येऊन तो स्वीकारला. आजोबांनी उघडा केलेला तो उतार आता दाट झाडीने झाकला आहे.

त्याच्या नावाचे एक जंगलही आहे. वॉशिंग्टन राज्यातल्या कोलंबिया नॅशनल फॉरेस्टला १९४९ मध्ये त्याचे नाव दिले. अनेक वर्षे तिथून भरपूर लाकूड निघत होते. १८ मे १९८० ला सकाळी त्या जंगलातला सेंट हेलेन्स ज्वालामुखी फुटला आणि मैलोन्‌मैल उभी झाडे काडेपेटीतल्या काड्यांसारखी एका दिशेने आडवी झाली. आसपासचे बरेचसे लाकूड उचलून विकले गेले, रोपेही लावली गेली. पण १९८२ मध्ये काँग्रेसने डोंगराभोवतीचा एक लाख दहा हजार एकरांचा तुकडा वेगळा काढला. तिथे आडवी झाडे तशीच पडू दिली. लावणी नाही, तोडणी नाही. राखेच्या त्या माळावर पहिल्यांदा एक जांभळ्या फुलांचे खुरटे रोप उगवले, मग मुंग्या आणि घुशी दिसू लागल्या, आणि काही वर्षांनी एल्क हरणांचे कळप राखेतून चालत आले. संशोधक दरवर्षी तिथे जातात आणि काय काय परत आले त्याची नोंद करतात.